भालूची आंघोळ

बरेच दिवस हे लिहायचं म्हणते आहे आणि टाळते आहे. कारण सरळ आहे. हा लेख म्हणजे अर्धा माफीनामा आहे. ज्याची माफी मागायची तो माझा भाचा आता नऊ वर्षांचा आहे आणि त्याला आत्याचं लिखाण वाचण्यात काडीचा रस नाही. वाचणार तुम्ही, आणि तुमच्यातले निम्मे आमच्याच घरातले. तेव्हा दादा, काकू, मावशी, रागावू नका. या गोष्टीत सगळ्यात जास्त चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याला दिघोरीला गेले होते. पुण्याहून नागपूर, नागपूरहून भंडारा, आणि पुढे धानाच्या हिरव्यागार बांध्या बघत घरी. त्या वर्षी घर जरा सुनंसुनं होतं. वहिनी तीन महिन्यांपासून उपचारांसाठी नागपूरला होती, तिच्या बहिणीकडे. दादा दर आठवड्याला जाऊन येऊन करत होता. सात वर्षांचा छोटू आजी-आजोबांजवळ दिघोरीला. आणि छोटूजवळ भालू.

भालू म्हणजे वहिनीने सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं कापडी अस्वल. कधीकाळी चॉकलेटी असावं. मी पाहिलं तेव्हा त्याचा रंग सांगता येत नव्हता. एक कान चावून चावून चिकट झालेला, पोटावर वरणाचा डाग, पाठीला मातीचा थर. वास तर विचारूच नका. छोटू ते घेऊन जेवायचा, ते घेऊन झोपायचा, शाळेतून आला की दप्तर फेकायच्या आधी ते उचलायचा.

पोळ्याच्या दिवशी सकाळी आबा बैलांना धुवायला तलावावर घेऊन गेले. मला वाटलं, बैलांची आंघोळ होतेय तर घराचीही होऊन जाऊ दे. चादरी, उशांचे अभ्रे, खुंटीवरचे कपडे, सगळं धुवायला काढलं. छोटू आबांबरोबर तलावावर गेला होता आणि भालू खाटेवर एकटाच पडलेला दिसला. मी त्यालाही बादलीत टाकलं. वॉशिंग पावडरीत चांगला दोन तास भिजवला, ब्रशने घासला, पिळला आणि कानाला चिमटा लावून दोरीवर टांगला. पाणी काळंकुट्ट निघालं तेव्हा मला फार समाधान वाटलं, हेही कबूल करते.

त्या ढिगात वहिनीची एक जुनी ओढणीही होती. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "हे राहू दे व माय, हे नोको धुवू." मी म्हटलं, मळलीये गं. ती काही बोलली नाही. ओढणी घडी करून आत घेऊन गेली. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

छोटू आला, दोरीकडे बघितलं आणि आधी काहीच बोलला नाही. संध्याकाळी पोळा फुटला, बैल घरी आले, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी झाली. भालू ओलाच. पावसाळ्याचे दिवस, आत स्पंज, दोन दिवस तरी वाळणार नव्हता. रात्री झोपायची वेळ झाली तेव्हा छोटूने तो ओल्याचा ओला दोरीवरून काढला, नाक लावलं आणि एकदम रडायला लागला. साधं रडणं नव्हे. "हा तो नाही. हा तो नाही." एवढंच म्हणत होता. आम्ही समजावलं, तोच आहे रे, स्वच्छ झालाय, बघ किती छान दिसतोय. जितकं समजावलं तितका तो जास्त रडला. दादा आधीच थकलेला, त्याचा तोल गेला. "पोरगी हाये का हा? सात वर्षांचा घोडा झाला अन् बाहुल्या पायजे!" शेजारच्या काकू ओवाळून परत जाता जाता थबकल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "एवढा मोठा पोट्टा भालू घेऊन झोपते? काढून टाका एकदाचं, दोन दिवस रडन, मग इसरन."

मग आई उठली. आतून ती ओढणी आणली, भालूला नीट गुंडाळलं आणि छोटूच्या कुशीत दिलं. बोलली काहीच नाही. छोटूने ओढणीत तोंड खुपसलं. पाच मिनिटांत हुंदके थांबले, दहा मिनिटांत झोपला.

मी मात्र जागीच होते. त्या बादलीतून मी नक्की काय काढून टाकलं, हे मला तेव्हा कळलं. तीन महिन्यांपासून आई जवळ नसलेल्या पोराजवळ आईचं जे काही उरलं होतं, ते मी घासून, पिळून, मोरीत सोडून दिलं होतं.

असो. पुण्याला परत आल्यावर मी यावर थोडं वाचलं. अपराधीपणाची बोच लागली की मी वाचायला घेते, ही माझी जुनी खोड :) आणि वाचताना कळलं की माझ्या आईने जे न सांगता केलं त्यावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५१ साली एक निबंध वाचला, तो १९५३ मध्ये छापून आला. लहान मूल एखादं फडकं, पांघरुणाचं टोक किंवा मऊ खेळणं धरून ठेवतं, त्या वस्तूवर हा निबंध आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही वस्तू म्हणजे आई नव्हे, पण 'मी' पण नव्हे. दोन्हींच्या मधली जागा आहे. आईपासून वेगळं व्हायला शिकणारं मूल त्या जागेवर पाय ठेवून पलीकडे जातं. आणि मजा बघा, त्यांनी तिथे धुण्याचाही मुद्दा मांडला आहे. आईला कळतं की ही वस्तू घाण होऊ द्यायची, वास मारू द्यायचा, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागा तुटतो आणि त्या वस्तूचा अर्थच जाऊ शकतो. हे वाचताना मला आपली वॉशिंग पावडर आठवली आणि कान गरम झाले.

दुसरे हॅरी हार्लो. अमेरिकेत विस्कॉन्सिनला त्यांनी माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ते मांडले. आईपासून तोडलेल्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लू पोट भरण्यापुरतं तिकडे जायचं आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसायचं. प्रयोग क्रूर होता, आज तो वाचवत नाही. पण त्याआधी शहाणी माणसं ठामपणे सांगायची की मुलाचा आईवर जीव असतो तो दुधासाठी. त्या पिल्लांनी सांगितलं, नाही हो, मऊपणाचीही भूक असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं. आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? आम्ही नाही का मोठे झालो?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला फार आवडलं. १९७० च्या दशकात कोरियन आणि अमेरिकन मुलांची तुलना करणारा एक अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की कोरियन मुलांमध्ये अशी वस्तू धरून ठेवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. ती मुलं आईजवळच झोपत, आईच्या अंगाशी जास्त वेळ असत. ज्याला खरी आई रात्रभर मिळते त्याला कापडी अस्वल कशाला हवं? आपल्याकडेही तेच होतं. आपण रांगेने आजीजवळ, मावशीजवळ, काकूजवळ झोपायचो. एक जण उठून गेली तर दुसरीच्या पदरात शिरायचो. तेव्हा भालू नव्हता कारण भालूचं काम माणसं करत होती. आता घरात माणसं किती? छोटूजवळ दोन म्हातारी माणसं आणि आठवड्यातून एकदा नागपूरला धावणारा बाप.

आणि 'आमच्या वेळी नव्हतं' हेसुद्धा पूर्ण खरं नाही. दादा, आता तू वाचतोच आहेस तर सांगून टाकते. आईच्या हिरव्या लुगड्याचं शिवलेलं एक दुपटं होतं. त्याचा एक कोपरा तू बोटात धरून नाकाशी घासायचास. चांगला दुसरीत जाईपर्यंत. एकदा उन्हाळ्यात मामाकडे जाताना ते घरी राहिलं, तर मामाला अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं होतं. ही गोष्ट आई आजही सांगते, तू खोलीत नसताना. तुझं ते दुपटं होतं आणि तुझ्या पोराचा भालू आहे. फरक एवढाच की तुझं घरी शिवलेलं होतं आणि त्याचं बाजारातून आलं.

पण मग फडकं पुरतं तर प्राणीच का? हा प्रश्न मला जास्त छळत राहिला. त्यातही अस्वल! आपल्या भागातल्या माणसाला तर हे फारच विचित्र वाटायला हवं. नवेगाव, नागझिरा, कोका, सगळी जंगलं आपल्या आजूबाजूला. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाची आणि मोहफुलं खायला आलेल्या अस्वलाची गाठ पडते, ही आपल्याकडे बातमी नसून दरवर्षीचं भय आहे. वाघ बहुतेकदा बाजूला होतो. दचकलेलं अस्वल अंगावर येतं आणि चेहरा ओरबाडतं. वारुळं उकरायला दिलेली त्याची ती लांब नखं.

खेळण्यातल्या अस्वलाचा जन्मही शिकारीतूनच झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. त्यांना अस्वल मिळेना म्हणून बरोबरच्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये आलं, आणि ते बघून ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिच्टम आणि त्यांची बायको रोझ यांनी कापडी अस्वल शिवून दुकानात ठेवलं. रूझवेल्टचं लाडकं नाव टेडी, म्हणून हा टेडी. गोष्टीचा शेवट मात्र कोणी मुलांना सांगत नाही. ते अस्वल फार जखमी होतं, म्हणून त्याला नंतर चाकूने मारावं लागलं.

साधारण त्याच वेळी जर्मनीतल्या गिंगेन गावात श्टाईफ यांच्या कारखान्यातही अस्वल तयार होत होतं. या मार्गारेटे श्टाईफ लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करायच्या. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या खोचायला म्हणून छोटे कापडी हत्ती शिवले. मुलांनी ते पळवले आणि खेळायला घेतले. म्हणजे मऊ प्राणी हे खेळणं आहे हे कुणा मोठ्या माणसाने ठरवलेलं नाही, मुलांनीच ठरवलं!

माझं मत विचाराल तर असं आहे. घरात मूल सगळ्यात लहान असतं. ऊठ, बस, खा, अभ्यास कर, ओरडू नको. दिवसभर सगळे त्यालाच सांगतात. सगळे त्याची काळजी घेतात, आणि सतत कोणीतरी आपली काळजी घेत असणं हे पण एक ओझंच की. भालू हा घरातला एकमेव जण आहे जो छोटूपेक्षा लहान आहे. त्याला छोटू दटावतो, भरवतो, 'घाबरू नको, मी आहे ना' म्हणून थोपटतो. मी एका रात्री दाराआडून ऐकलं आहे. "आई येईन हं भालू, रडू नोको." त्याला स्वतःला जे कोणीतरी सांगायला हवं होतं, तेच तो भालूला सांगत होता.

बाहुलीत ती सोय कमी असते, असं मला वाटतं. बाहुली माणसासारखी दिसते. तिला लगेच नाव, कपडे, लग्न, भातुकली, सगळा संसार लागतो. प्राण्याला काही लागत नाही. तो मुलगा की मुलगी हेही कोणी विचारत नाही. आणि तो मुळात ताकदवान असतो. जंगलातलं सगळ्यात भयंकर जनावर आपल्या काखेत मुकाट झोपतं, यात केवढं बळ असेल सात वर्षांच्या पोराला! किपलिंगच्या मोगलीला सांभाळणारं अस्वलही भालूच होतं, आणि ते जंगल आपल्या नागपूरच्या वरचं, सिवनीचं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ते बघताना आमच्या पिढीतल्या कुणाला अस्वलाची भीती वाटली नाही.

आणि हे आपल्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. तान्हा पोळा आठवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात पोरं चाकांचा लाकडी नंदी सजवून निघतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही रीत आहे असं मानतात. मोठ्या बैलाजवळ जायची ज्या पोराची छाती नाही, त्याच्या हातात वाढयाने घडवलेला बैल द्यायचा, त्याला झूल, माळा, बेगड. घरोघर नेला की त्याला बोजारा मिळतो. म्हणजे त्या दिवशी ते पोर बैलाचं मालक असतं. कल्पना तीच. पण लाकडी नंदी मिरवायचा असतो, दिवसा, चारचौघांत. रात्री तो कुशीत घेता येत नाही. त्याची शिंगं टोचतात.

तेव्हा मुलांना मऊ प्राणी द्यावेत की नाही, यावर माझं म्हणणं: द्यावा. एक द्यावा. वाढदिवसाला बारा आणून शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवू नयेत. तो शोकेसचा लाड झाला, पोराचा नव्हे. डोळे, बटणं ओढून बघावीत, सुटणारी असतील तर घेऊ नये. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, ती बघावी. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपताना त्याच्याजवळ असं काही ठेवू नये, श्वास कोंडतो. बाकी मग त्या पोराचं आणि त्या प्राण्याचं त्यांच्या त्यांच्यात. धुवायचाच असेल तर विचारून धुवा. हरवला तर 'दुसरा आणू' असं पटकन म्हणू नका. आणि मुलगा आहे म्हणून हसू नका. जो पोरगा अस्वलाला थोपटायला शिकला, तो पुढे आजारी बायकोजवळही बसू शकेल. दादा, तू बसलास तसाच.

आता त्या तान्ह्या पोळ्याचं सांगते आणि थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. छोटूने नंदी सजवला आणि ओल्या भालूला त्याच्या पाठीवर दोरीने बांधला. वाळायला. पोरं हसली. "अस्वलाचा पोळा, अस्वलाचा पोळा!" छोटूचा चेहरा पडला, पण त्याने भालू काढला नाही. पाचव्या-सहाव्या घरी ते आजोबा बसले होते, ज्यांना तुम्ही सगळे ओळखता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोहफुलाला गेले असताना अस्वलाने त्यांचा एक डोळा आणि गाल नेला. आमच्या लहानपणी आम्ही त्यांच्या दारावरून जाताना पळायचो.

मी मागेच होते. माझ्या पोटात गोळा आला. आजोबांनी एका डोळ्याने बराच वेळ बघितलं. भालूचा पुढचा पाय हातात धरला, अंगठा फिरवून पाहिलं. मग छोटूला विचारलं, "चावते का रे?"

"नाही," छोटू म्हणाला. "त्याला रात्री भेव वाटते."

आजोबांनी नंदीला वीस रुपये बोजारा दिला. मग खिसा चाचपला आणि आणखी दहाची नोट भालूच्या दोरीत खोचली. पोरांचं हसणं तिथेच संपलं.

वहिनी दिवाळीनंतर घरी आली. आता ठणठणीत आहे. गेल्या पोळ्याला गेले तेव्हा भालू कपाटावर बसलेला दिसला, ओढणीसकट, अंगावर धूळ. मी छोटूला विचारलं, "काय रे, भालू वर का?" तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "तिथून त्याला सगळं दिसते." कोणी हिसकावला नाही, कोणी विसरायला लावला नाही. काम झालं तसा तो आपोआप वर जाऊन बसला.

धूळ पुसावी असं वाटलं होतं. पण नाही पुसली. आधी विचारलं पाहिजे ना :)